एकशेऐंशीपैकी एकशेऐंशीवा

जून २०२२ मध्ये येल आणि कोलंबिया या अमेरिकन विद्यापीठांतील संशोधकांनी ‘पर्यावरण कामगिरी निर्देशांक’ प्रसिद्ध केला. १८० देशांच्या त्या यादीत भारत १८० वा होता, गुण शंभरपैकी १८.९. म्यानमार, व्हिएतनाम, बांगलादेश व पाकिस्तान आपल्या लगेच वरच्या पायऱ्यांवर. केंद्र सरकारने हा निष्कर्ष अमान्य केला. वर्तमानपत्रांनी काही दिवस हळहळ व्यक्त केली. शाळेत मात्र तेवढ्यावर थांबून चालणार नाही, कारण हा क्रमांक निघाला कसा हे मुले विचारणारच.

निर्देशांकात ४० निकष होते आणि प्रत्येकाला वेगळे वजन दिलेले होते. सर्वांत जड निकष होता २०५० साली देश किती हरितगृह वायू सोडेल याचा. २०५० तर अजून यायचे आहे! मग मागील दहा वर्षांत उत्सर्जन ज्या गतीने वाढले किंवा घटले, तीच गती पुढे नेऊन आकडा काढला गेला. या पद्धतीतली गोम फळ्यावर दाखवता येते. एक मुलगा दहाव्या वर्षी १३८ सेंटिमीटर उंच होता, चौदाव्या वर्षी १६३. म्हणजे वर्षाला सव्वासहा सेंटिमीटर. याच गतीने चाळिसाव्या वर्षी तो सव्वातीन मीटर उंच होईल! ज्यांची वाढ कधीच होऊन गेली आणि उत्सर्जन आता उतरणीला लागले, असे डेन्मार्कसारखे देश या हिशेबात सहज वर जातात. वाढीच्या वयातले देश तळाला. आजचे दरडोई उत्सर्जन पाहिले तर भारताचा कार्बन डायऑक्साइड सुमारे दोन टन भरतो, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. पण दरडोई निकषाला वजन अगदी थोडे होते.

सरकारचा या निकषाविषयीचा आक्षेप आम्हाला रास्त वाटतो. मात्र त्या आक्षेपाआड एक गोष्ट झाकली गेली. भविष्याचा अंदाज पूर्णपणे वगळला तरी हवेच्या विभागात भारत तळाशीच होता, आणि त्या धुळीच्या सूक्ष्म कणांचा २०५० शी काही संबंध नाही. ते आजच मुलांच्या फुप्फुसांत जात आहेत.

याच हवेपाशी शेजाऱ्यांची तुलना खरी अडखळते. लाहोर, दिल्ली, नेपाळचा तराई भाग, ढाका हे सारे एकाच मैदानी पट्ट्यावरचे. हिमालयाच्या भिंतीमुळे हिवाळ्यात थंड हवा तिथे साचून राहते. पेंढ्याचा, वीटभट्ट्यांचा, चुलींचा आणि वाहनांचा धूर सीमेवर पारपत्र दाखवायला थांबत नाही. तरी गुण देताना तो ज्या देशावर तरंगतो त्याच्याच खात्यावर मांडला जातो. भूतानचे उलटे. त्याच्या जलविद्युतेचा मोठा भाग भारतात येतो. त्यामुळे भारतात जेवढा कोळसा जळायचा वाचला, तेवढे उत्सर्जन भारताच्या हिशेबातून कमी होते. धरणे आणि बदललेल्या नद्या मात्र भूतानच्याच पदरात. असे ओघ मोजायला देश हे एककच अपुरे आहे.

२०२४ मध्ये हाच निर्देशांक पुन्हा आला. निकष आता ५८ झाले होते. भारत १७६ वा, शेवटचा व्हिएतनाम, त्याच्या वर पाकिस्तान. दोन वर्षांत आपण चार पायऱ्या चढलो, असे कोणी सांगू लागले तर सावध राहावे. पद्धत बदलली की जुन्या-नव्या क्रमांकांची सरळ तुलना करता येत नाही.

वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. शेजारच्या चार शाळा घ्या. पाणी, झाडे, शौचालये व कचरा यांना दहापैकी गुण द्या. मग मुलांचे दोन गट करून प्रत्येकाला आपापली वजने ठरवू द्या. गुण तेच राहतील. पहिला क्रमांक कोणाचा, यावर मात्र बहुधा भांडण होईल, आणि ते होऊ द्यावे.