‘सिराजुल्-अख्बार’मधील प्रतिकाराची कविता

इ. स. १९११ पासून १९१८ पर्यंत काबूलहून निघालेल्या ‘सिराजुल्-अख्बार’ या पाक्षिकांतील फारसी कवितेचा विचार करतांना प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. हें पत्र राजाश्रयावर चालत असे. अमीर हबीबुल्लाखान यांच्या किताबांतील ‘सिराज’ म्हणजे दीप, हाच शब्द पत्राच्या नांवांत आहे. संपादक महमूद तर्झी यांची उमेदीचीं वर्षें मात्र हद्दपारींत, दमास्कस येथें गेलीं होतीं. अशा संपादकानें दरबारी पत्रांत प्रतिकाराची कविता छापली ती कोणत्या युक्तीनें, हें पाहणें बोधप्रद आहे.

इ. स. १८७९ च्या गंदमकच्या तहानें अफगाणिस्तानचा परराष्ट्रव्यवहार इंग्रजांच्या हातीं गेला होता. या पारतंत्र्याबरोबरच देशांतील अज्ञान व आळस हाही या कवींचा शत्रु होता. त्यांनीं कसीदा, गझल, मुखम्मस हे जुने सांचे मोडले नाहींत. प्रियेच्या जागीं ‘वतन’ आणून बसविलें, आणि आगगाडी, तार, दगडी कोळसा यांस पद्यांत स्थान दिलें. काव्याचा काळ सरला, आतां उद्योगाचा काळ आला, हें तर्झी यांनीं काव्यांतच सांगितलें! काव्यगुण म्हणून पाहिलें तर यांतील बराच भाग पद्यबद्ध निबंधच ठरेल. परंतु निद्रिस्त राष्ट्रास जागें करणाऱ्या कवीचा शब्द सिंहासनापर्यंतही पोंचतो, आणि तरीही त्यांत राजनिंदेचा एक शब्द सांपडत नाहीं. या कवितेचें खरें बळ येथें आहे.

तर्झी यांच्या तरुण सहकाऱ्यांचीं टोपणनांवेंही अर्थपूर्ण आहेत. अब्दुल हादी दावी ‘परेशान’ म्हणवीत. अब्दुर्रहमान लोदीन ‘किब्रीत’, म्हणजे आगकाडी. हा केवळ शब्दविलास नव्हता. अमीरावर गोळी झाडल्याच्या आरोपावरून लोदीन इ. स. १९१८ मध्यें कैदेंत पडले. इ. स. १९१९ च्या युद्धानंतर देश स्वतंत्र झाला. लोदीन यांस मात्र इ. स. १९३० मध्यें नादिरशहाच्या राजवटींत गोळी घालण्यांत आली. परकी सत्ता गेल्यावरही या कवितेचें अर्धें काम शिल्लक होतें, हें यावरून उघड होतें.

यास्तव संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. अशी कविता दिवाणांत उतरतांना अंक व तारीख गळाली, कीं ती साधा देशभक्तिपर उपदेश बनते. १९१९ पूर्वीचें पद्य कोणतें व नंतरचें कोणतें, हेंही कळेनासें होतें. मूळ अंकांत तिच्या शेजारीं कोणतें वृत्त होतें, कोणती राजस्तुति होती, हें पाहिल्याविना तिचा रोख समजत नाहीं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अफगाण ग्रंथसंग्रहामुळें त्या काळचें बरेंच काबुली मुद्रित साहित्य आज संगणकावर पाहावयास मिळतें. तेव्हां कविता उतरून घेणारानें अंकाचें सबंध पानच उतरून घ्यावें.