खरा ‘येस’ कोणता?

इंग्लंडांतील ‘येस’ ह्या रॉक-मंडळीचे चाहते गेलीं चाळीसांवर वर्षें एका वादांत गुंतलेले आहेत. आणि तो वाद एकदांचा मिटावा अशी त्यांपैकीं कोणाचीहि मनापासून इच्छा असेल असें आम्हांस वाटत नाहीं. वाद दुपदरी आहे. ह्या मंडळीची सर्वोत्तम तबकडी कोणती, हा त्याचा एक पदर; आणि इतकीं माणसें आलीं व गेलीं असतां खरा ‘येस’ कोणास म्हणावयाचें, हा दुसरा. वरवर पाहतां हे दोन स्वतंत्र प्रश्न दिसतात. परंतु पहिल्याचें उत्तर ऐकलें कीं दुसऱ्याचें काय येणार हें बहुधा आधींच सांगतां येतें. ‘क्लोज टु द एज’चें नांव घेणारा गृहस्थ जॉन अँडरसनच्या कंठावांचून ‘येस’ ही कल्पनाच सहन करीत नाहीं. ‘९०१२५’ पुढें करणारा ट्रेव्हर रॅबिनची बाजू सोडीत नाहीं. आणि ‘ड्रामा’ आवडते असें सांगणारा बहुधा आवाज खालीं करून बोलतो.

ज्या वाचकांचा ह्या संगीताशीं परिचय नाहीं त्यांच्याकरितां थोडें पूर्ववृत्त सांगणें अवश्य आहे. १९६८ सालीं लंडनमध्यें गायक जॉन अँडरसन व बेस गिटार वाजविणारा क्रिस स्क्वायर ह्या दोघांनीं ही मंडळी उभी केली. गिटारवर पीटर बँक्स, ऑर्गनवर टोनी के व ड्रमवर बिल ब्रुफर्ड हे आरंभीचे बाकीचे तिघे. तीन मिनिटांच्या गीतांत रमलेल्या रॉक संगीतास युरोपांतील अभिजात संगीताचा विस्तार व जॅझमधील लयीची मोकळीक द्यावी, अशी महत्त्वाकांक्षा त्या काळच्या कांहीं इंग्रज तरुणांस झाली. तिलाच पुढें ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हें नांव पडलें, आणि ‘येस’ तिच्या अग्रभागीं राहिली. पुढें एकेक जागा बदलत गेली. २०१५ सालीं स्क्वायर वारल्यापासून पहिल्या पांचांपैकीं एकहि मनुष्य ह्या नांवाच्या मंडळींत कायमचा सभासद म्हणून राहिलेला नाहीं. तरीहि मंडळी आहे, प्रयोग करते, तबकड्या काढते. वादास ह्याहून अधिक सुपीक जमीन ती कोणती?

आमचाहि ह्या वादांत एक पक्ष होता. १९८९ च्या सुमारास आम्ही कॉलेजांत शिकत असतां वसतिगृहांतील एका मित्राजवळ ह्या मंडळीच्या चार-पांच कॅसेटी होत्या; त्याहि मूळच्या नव्हेत, नकलांच्या नकला. आमचा सिद्धान्त त्या वेळीं सोपा होता: जेथें अँडरसन तेथें ‘येस’. मित्राजवळ १९८० ची ‘ड्रामा’ होती. तींत अँडरसन नाहीं एवढ्याच कारणास्तव ती ऐकण्याचें आम्हीं साफ नाकारलें. तत्त्वनिष्ठेचा इतका स्वस्त प्रकार दुसरा क्वचितच सांपडेल.

ह्या सिद्धान्तास पहिला तडा त्याच वर्षीं गेला. अँडरसन, ब्रुफर्ड, रिक वेकमन व स्टीव्ह हाउ हे जुने चौघे १९८९ सालीं पुन्हां एकत्र आले. परंतु ‘येस’ हें नांव स्क्वायर व त्याचे सोबती ह्यांच्याकडे असल्यामुळें ह्या चौघांस आपलीं चार आडनांवें जोडून, एखाद्या सॉलिसिटरांच्या पेढीसारखी, तबकडी प्रसिद्ध करावी लागली. एकीकडे नांव व दुसरीकडे माणसें, असा स्वच्छ देखावा रसिकांस क्वचितच पाहावयास मिळतो. आमच्या सिद्धान्ताप्रमाणें पेढीच खरी ठरत होती. कॅसेट मिळविली, ऐकली. वादन सफाईदार होतें, कंठ तोच होता, आणि तरीहि आपण एका स्नेहसंमेलनास आलों आहों ही भावना कांहीं केल्या जाईना. मित्रानें विचारलें, “मग हाच ना तुझा खरा?” आम्हीं “होय” म्हटलें, परंतु कान तसें म्हणत नव्हते. त्याचें कारण शोधूं लागल्यावर १९७० ते १९७२ ह्या तीन वर्षांकडे आम्ही वेगळ्या दृष्टीनें पाहूं लागलों.

त्या तीन वर्षांत काय झालें? १९७० सालीं बँक्स गेला व हाउ आला. हा मनुष्य स्पॅनिश, जॅझ व अमेरिकन ग्रामीण अशा निरनिराळ्या पद्धतींची गिटार एकाच गीतांत वाजवूं शकत असे. पहिल्या दोन तबकड्यांत परक्यांचीं गीतें घ्यावीं लागलीं होतीं. १९७१ च्या ‘द येस आल्बम’पासून सारें स्वतःचें. मग केची पाळी आली. तो आपल्या ऑर्गन-पियानोवर संतुष्ट होता; नवीं विद्युत्-वाद्यें हातीं घेण्यास नाखूष होता. त्याच्या जागीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्यें कांहीं काळ शिकलेला वेकमन आला. त्याच वर्षीं निघालेल्या ‘फ्रॅजाइल’मध्यें नऊ रचनांपैकीं पांच ह्या पांच जणांच्या एकेकट्याच्या व चार सर्वांच्या मिळून आहेत. ही वांटणी आम्हांस मोठी बोधक वाटते. प्रत्येकाचा स्वभाव निराळा काढून दाखविला, आणि मग तेच पांच स्वभाव एकमेकांवर आदळूं दिले.

१९७२ च्या ‘क्लोज टु द एज’मध्यें त्या आदळण्याचें शिल्प झालें. हेर्मान हेसच्या ‘सिद्धार्थ’ ह्या कादंबरीची छाया असलेली ही मुख्य रचना तबकडीची एक संपूर्ण बाजू, म्हणजे अठरा मिनिटांहून अधिक, व्यापते. आरंभीं पांखरांचा किलबिलाट व वाहतें पाणी. आणि एकाएकीं सर्व वाद्यें अशीं सुटतात कीं, प्रत्येक वादक दुसऱ्याच कोणत्या गीतांत आहे असा भास व्हावा. स्क्वायरचा बेस येथें आधारस्वर देत बसत नाहीं. तो नखीनें छेडलेला, धारदार, स्वतःच्या सुरावटीनें चालणारा आहे. ब्रुफर्डचे आघात अपेक्षित जागा चुकवितात. श्रोता गोंधळतो, पण मधूनच येणाऱ्या कंठस्वरांच्या क्षणिक विरामामुळें, ह्या गोंधळास कोणी तरी मालक आहे हें त्यास कळतें. पुढें सारें शांत होतें, दोन निरनिराळ्या ओळी दोन थरांत गायिल्या जातात, आणि लंडनमधील एका चर्चमध्यें मुद्रित केलेला वेकमनचा ऑर्गन घुमतो. त्यानंतर आरंभींची सुरावट परतते, ती ओळखीची असूनहि ती नव्हे. गंमत अशी कीं, हें सारें एका दमांत वाजविलेलें नाहीं. लहान लहान तुकडे मुद्रित करून ध्वनिमुद्रक एडी ऑफर्ड ह्यानें फिती कापून जोडल्या, आणि मग स्वतःच जोडलेली ही रचना मंडळीस सलग वाजविण्यास शिकावें लागलें.

तबकडी बाजारांत येण्यापूर्वींच ब्रुफर्ड मंडळी सोडून ‘किंग क्रिम्सन’मध्यें गेला. ह्यापुढें ह्या मार्गानें आपणांस जावयाचें राहिलें नाहीं, असें त्याचें मत झालें होतें. चाहते हा प्रसंग दुःखानें सांगतात. आम्हांस तो ह्या मंडळीच्या स्वभावास धरूनच झाला असें वाटतें.

पुढच्या तबकडीविषयीं आपल्याकडील वाचकांस विशेष कुतूहल वाटेल. १९७३ सालीं टोकियोच्या मुक्कामांत अँडरसननें परमहंस योगानंद ह्यांचें १९४६ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी आत्मचरित्र वाचलें. त्यांतील एका तळटीपेंत श्रुति, स्मृति, पुराण व तंत्र असे शास्त्रांचे चार वर्ग दिले आहेत. एवढ्या तळटीपेवरून त्यानें व हाउनें सुमारें ऐशीं मिनिटांची रचना योजिली: दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूस एक वर्ग. ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ ती हीच. तळटीप वाचून शास्त्रांवर ग्रंथ रचणारे पंडित आपल्याकडेहि कमी नाहींत, तेव्हां हंसण्याचा अधिकार आपणांस फारसा नाहीं. अँडरसनच्या शब्दांत श्रुति-स्मृतींचा अर्थ शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागणार नाहीं; त्याचे शब्द अर्थापेक्षां नादासाठींच योजिलेले असतात. परंतु दुसरी, स्मृतीची, बाजू शांतपणें ऐकावी. पूर्वीं ऐकलेले स्वर धुक्यांतून आल्यासारखे परत परत येतात, प्रत्येक वेळीं किंचित् झिजलेले. ‘स्मृति’ ह्या शब्दाचा धर्मशास्त्रीय अर्थ त्या तरुणास ठाऊक असो वा नसो, त्याचा साधा अर्थ त्यानें स्वरांत आणला आहे. तिसरी, पुराणांची, बाजू मात्र आम्हांस शेवटच्या गिटारवादनापर्यंत कर्कश वाटते. वेकमनचा आक्षेप असा कीं, मजकूर एका तबकडीस अधिक व दोहोंस कमी होता, म्हणून पाणी घालावें लागलें. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाहीं. मँचेस्टरच्या प्रयोगांत, रचना चालू असतां, आपण वाद्यांपाशीं बसून ‘करी’ खाल्ली, असें तो स्वतःच सांगतो. शास्त्रांच्या ह्या रचनेंत हिंदुस्थानशीं असलेला त्याचा एवढाच संबंध. १९७४ सालीं तो निघून गेला.

त्याच्या जागीं आलेला स्विस वादक पॅट्रिक मोराझ ह्यानें ‘रिलेयर’ ही एकच तबकडी केली. परंतु तींतील टॉल्स्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’वरून सुचलेली युद्धाची रचना इतकी दाहक आहे कीं, तिच्याजवळ जाणारें ह्या मंडळीनें पुढें कांहीं केलें नाहीं. १९७७ व १९७८ च्या तबकड्यांत वेकमन परतला. पहिलींतील ‘अवेकन’ सोडल्यास तेथें थांबण्याचें कारण नाहीं.

आतां ‘ड्रामा’. १९८० सालीं अँडरसन व वेकमन दोघेहि गेले, आणि त्यांच्या जागीं ट्रेव्हर हॉर्न व जेफ डाउन्स हे दोघे आले. आदल्याच वर्षीं एका चटकदार गीतानें इंग्लंडांत पहिला क्रमांक मिळविलेली ‘बगल्स’ ही जोडी ती हीच. अभिजात नाटक मंडळींत तमाशांतला सोंगाड्या नायक म्हणून उभा राहावा तसा हा प्रकार चाहत्यांस वाटला. इंग्लंडांतील प्रयोगांत श्रोते ओरडूं लागले. अँडरसनचीं उंच स्वरांचीं गीतें रोज गातां गातां हॉर्नचा गळा बसला. पुढल्या वर्षीं मंडळीच मोडली. आम्हीं ही तबकडी ऐकली ती थेट २०११ सालीं, चाळिशी ओलांडल्यावर, आणि आम्हांस आमची लाज वाटली. पहिल्याच, दहा मिनिटांच्या ‘मशीन मसाया’मध्यें हाउची गिटार पूर्वीं कधीं नव्हती इतकी जड व काळी वाजते, स्क्वायर व ड्रमवरील ॲलन व्हाइट मोकळे सुटले आहेत. अँडरसनच्या सूर्यप्रकाशाच्या जागीं यंत्रयुगाचा थंड उजेड आहे. हॉर्ननें अँडरसन होण्याचा यत्न तबकडींत फारसा केलाच नाहीं. तो केला प्रयोगांत, चाहत्यांच्या आग्रहाखातर, आणि तेथेंच तो बुडाला.

हाच हॉर्न १९८३ च्या ‘९०१२५’चा निर्माता झाला. दक्षिण आफ्रिकेंतून आलेल्या रॅबिननें मंडळीस चार-पांच मिनिटांचीं कणखर गीतें दिलीं, अँडरसन शेवटीं शेवटीं येऊन मिळाला, आणि त्यांतील एक गीत जानेवारी १९८४ मध्यें अमेरिकेंत अग्रस्थानीं पोंचलें. जुने चाहते ह्यास बाजारबसवेपणा म्हणतात. असेल, पण त्या बाजारांत ती वस्तु दुसऱ्या कोणाजवळ नव्हती. १९९१ ची, आठ जणांस एकत्र बांधणारी ‘युनियन’ मात्र आम्ही कोणाच्या आग्रहावरूनहि पुन्हां ऐकणार नाहीं. वेकमन तिला ‘ऑनियन’ म्हणतो, कारण ती ऐकून डोळ्यांस पाणी येतें.

२००८ सालची घटना ह्या सर्वांहून निराळी आहे. मे महिन्यांत अँडरसनला श्वसनाचा गंभीर विकार झाला, दौरा रद्द करावा लागला, आणि तो बरा होण्याची वाट न पाहतां त्याच वर्षीं मंडळी नवा गायक घेऊन बाहेर पडली. चाळीस वर्षांच्या सोबत्याशीं हें वर्तन शोभणारें नव्हतें, आणि त्याचें दुःख अँडरसननें उघडपणें बोलून दाखविलें. परंतु आमचा मुख्य आक्षेप दयेचा नाहीं, कलेचा आहे. तो नवा गायक बेनवा डेव्हिड हा कॅनडांत ‘येस’चींच गीतें हुबेहूब गाणाऱ्या एका मंडळींतून आला होता. २०१२ सालीं त्याच्या जागीं आलेला जॉन डेव्हिसन हाहि पूर्वीं अशाच एका मंडळींत गात असे. पूर्वीं हाउ, वेकमन, मोराझ व हॉर्न ह्यांस घेतलें तें घरांत नव्हतें तें आणण्यासाठीं. ह्या दोघांस घेतलें तें घरांत होतें त्यासारखे दिसतात म्हणून. आपल्याकडे अब्दुल करीम खांसाहेब, सवाई गंधर्व व भीमसेन जोशी हे एकाच घराण्याचे. पण डोळे मिटून ऐकतां ह्या तिघांत कोण कोणता हें पोरहि सांगेल. नक्कल करणारे शिष्यहि त्या घराण्यास असतीलच. त्यांचीं नांवें कोणी घेत नाहीं. डेव्हिसनचा गळा गोड आहे, वृत्ति विनयशील दिसते, आणि २०२३ च्या ‘मिरर टु द स्काय’मध्यें थोडा जीवहि आला आहे. तथापि २०१४ ची ‘हेवन अँड अर्थ’ ऐकतांना, पांच जण एका रिकाम्या खुर्चीस जपून वळसा घालून चालले आहेत असें चित्र आमच्यासमोर उभें राहतें.

अँडरसनचे पक्षपाती ह्यावर विजयानें टाळी वाजवितील म्हणून एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. २०२४ सालीं त्यानें ‘ट्रू’ ही तबकडी काढली ती ‘बँड गीक्स’ नांवाच्या अमेरिकन वादकांसमवेत. आणि हे वादक प्रसिद्धीस आले ते ‘येस’चीं गीतें हुबेहूब वाजवून. म्हणजे कंठ आपल्या जागीं आहे, आणि आतां स्क्वायर व हाउ ह्यांचीं सोंगें निराळीं आणावीं लागतात. उभय पक्षीं खुर्च्या रिकाम्याच.

२०११ च्या ‘फ्लाय फ्रॉम हिअर’ ह्या तबकडीचें मुख्य गीत हॉर्न-डाउन्स ह्यांनीं १९८० च्या सुमारास रचलेलें होतें, आणि तें डेव्हिडनें गायिलें. २०१८ सालीं तीच तबकडी पुन्हां निघाली. वादन बहुतेक तेंच, पण डेव्हिडचा आवाज काढून हॉर्ननें स्वतः गायिलेलें. आम्हीं दोन्ही एकामागून एक ऐकल्या. हॉर्नचा गळा वयानें घोगरा झाला आहे, कांहीं ठिकाणीं तो डेव्हिडइतका उंच जात नाहीं, आणि तरीहि गीत जागेवर बसलें आहे. जो स्वर त्यास हवा तो तो मागून आणीत नाहीं. एवढें सर्व आम्हीं त्या जुन्या मित्रास सविस्तर कळविलें. त्याचें उत्तर दुसऱ्या दिवशीं आलें: “‘ड्रामा’ ऐकावयास तुला बावीस वर्षें लागलीं. हें मत पक्कें आहे कीं नाहीं, तें मी आणखी बावीस वर्षांनीं विचारीन.”