पंचेचाळीस फोकस-बिंदू आणि एक चरखा

संशोधन-आराखड्यात 'साधने' नावाचा एक छोटा परिच्छेद असतो. बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी लिहितात. प्रश्नावली, व्हॉइस रेकॉर्डर, कॅमेरा असं लिहिलं की झालं. पण तुमचा विषय दृश्य-दस्तऐवजीकरणाचा असेल, म्हणजे सेवाग्राममधली सूतकताई, हिंगणघाटच्या जिनिंगमधलं काम किंवा पवनारच्या धाम नदीकाठचं जगणं, तर त्या परिच्छेदावर तुमचा अर्धा प्रबंध उभा असतो. आणि अलीकडे त्यात 'प्रगत ऑटोफोकस असलेला फिल्म एसएलआर' हे शब्द वरचेवर दिसू लागलेत. आज या शब्दांचीच समीक्षा करू या. फेलोशिपचे पैसे मोजके असतात आणि कापसाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. चुकीचं यंत्र घेतलं तर दोन्ही जातात.

आधी 'प्रगत' म्हणजे काय ते बघा. फिल्म कॅमेऱ्यांची जी परीक्षणं तुम्ही वाचता, त्यांत या शब्दाची व्याख्या कुठेच नसते, नुसता क्रम लावलेला असतो. १९८५ चा मिनोल्टा ७०००, मग १९८७ पासूनचे कॅननचे ईओएस, १९९२ चा ईओएस ५, १९९६ चा निकॉन एफ५, १९९८ चा ईओएस ३, त्याच सुमाराचा निकॉन एफ१००, २००० चा ईओएस-१व्ही आणि २००४ चा निकॉन एफ६. पुढचा तो जास्त प्रगत, असा सरळ हिशोब. हा कालक्रम आहे, निकष नाही. आपण प्रबंधात असं लिहिलं तर मार्गदर्शक पहिल्याच पानावर लाल रेघ ओढतील.

दुसरा लाडका निकष म्हणजे बिंदूंची संख्या. ईओएस ३ मध्ये ४५ फोकस-बिंदू, एफ१०० मध्ये ५. म्हणजे कॅननचा नऊपट चांगला? यासाठी हे यंत्र आतून कसं चालतं ते थोडं समजून घ्यावं लागेल. मुख्य आरशामागे एक छोटा आरसा असतो. तो थोडा प्रकाश खाली सेन्सरकडे पाठवतो. तिथे भिंगाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी आलेल्या दोन प्रतिमा शेजारी-शेजारी पडतात. त्यांच्यातलं अंतर मोजून लेन्स किती आणि कोणत्या दिशेला फिरवायची ते कॅमेरा ठरवतो. याला फेज डिटेक्शन म्हणतात. मेख अशी की साधा सेन्सर ही एक रेघ असते. आडव्या रेघेला उभा तपशील दिसतो, आडवा तपशील दिसत नाही. दोन रेघा एकमेकींना छेदून बसवल्या की तो 'क्रॉस' सेन्सर, आणि त्याला दोन्ही दिसतं. आता पुन्हा मोजा. ईओएस ३ च्या ४५ पैकी क्रॉस फक्त ७, आणि तेही एफ/४ किंवा एफ/२.८ इतकी उजळ लेन्स लावली तर. एफ१०० च्या ५ पैकी क्रॉस ३. बाकीचे ३८ बिंदू निरुपयोगी नाहीत, पण '४५ विरुद्ध ५' ही तुलना कामाची राहत नाही. मोजलं काय आणि सांगितलं काय, यातली ही फट तुम्हाला सर्वेक्षणांच्या आकडेवारीतही रोज भेटेल.

आता हे सगळं वर्धा जिल्ह्यात आणून बघू. इथे कॅमेऱ्याचा एक मोठा इतिहास आहेच.

कनू गांधी हे नारणदास गांधींचे चिरंजीव, गांधीजींचे चुलत नातू. सेवाग्राम आश्रमातच राहत, आश्रमाची कामं करत. फोटो काढायची इच्छा होती, पण आश्रमाकडे त्यासाठी पैसे नव्हते. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स आणि फिल्म आली. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. कधीही पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि आश्रम याचा खर्च करणार नाही. कनूभाईंनी जवळजवळ दहा वर्षं, १९४८ पर्यंत, या अटींत राहून काम केलं. सेवाग्रामच्या कार्यालयात टेलिफोनवर बोलणारे गांधी, कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करणारे गांधी, ही छायाचित्रं तुम्ही पाठ्यपुस्तकांत पाहिली असतील, काढणाऱ्याचं नाव न वाचता.

या तीन अटी म्हणजे माझ्या मते मराठी मुलखात लिहिलं गेलेलं क्षेत्रकार्याचं सगळ्यात आटोपशीर नीतिपत्रक आहे. आज तुमची नीतिशास्त्र समिती चार पानांत जे मागते ते इथे तीन वाक्यांत आहे: जागेचा उजेड बदलू नका, माणसाचं वागणं बदलू नका, आपला भार समाजावर टाकू नका. १९४६ मध्ये पुण्यात मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी चरख्याजवळ बसलेल्या गांधींचं जगप्रसिद्ध छायाचित्र घेतलं. त्यांना आधी चरखा शिकायला लावलं होतं आणि फ्लॅशचे बल्ब मोजकेच मिळाले होते. म्हणजे बाहेरून आलेल्याला अटी थोड्या सैल, घरच्याला कडक.

पण इथे एक सावधगिरी. 'कनूभाईंनी ऑटोफोकसशिवाय केलं, मग तुम्हाला कशाला हवं?' हा युक्तिवाद सभेत टाळ्या घेतो, संशोधनात टिकत नाही. एक तर आपण पाहतो ती छायाचित्रं निवडलेली आणि टिकलेली. किती फ्रेम्स हुकल्या हे त्या निवडीतून कळत नाही. दुसरं, कनूभाई घरचे होते. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी होती, तिसऱ्याही दिवशी. जवळीक हे त्यांचं सगळ्यात मोठं उपकरण होतं, आणि ते तुम्हाला कुठल्या दुकानात मिळणार नाही. तिसरं, रोलायफ्लेक्समध्ये फोटोग्राफर मान खाली घालून पोटाजवळच्या काचेत बघतो. समोरच्यावर डोळा रोखला जात नाही. शटर लेन्समध्येच असल्यामुळे आवाजही अगदी बारीक. एसएलआरमध्ये आरसा उडतो, मोटर फिल्म ओढते, आणि रोल संपला की तो गुंडाळण्याचा आवाज सायंप्रार्थनेत सगळ्यांना ऐकू जातो. तुलना करायचीच तर इतके सगळे घटक वेगळे आहेत, हे तळटीपेत तरी लिहा.

तर मग अटींवरून यंत्राकडे जाऊ. फ्लॅश नाही, म्हणजे खिडकीचा उजेड. कुडाच्या खोलीत, ४०० आयएसओची फिल्म घालून, एफ/२ आणि १/६० सेकंद असं काहीतरी माप निघतं. प्रकाशाच्या मोजणीत हे साधारण ईव्ही ६. आता निकॉन एफ१०० च्या माहितीपत्रकात ऑटोफोकसची मर्यादा ईव्ही उणे १ लिहिली आहे, ईओएस ३ ची ईव्ही ०. म्हणजे तुमची झोपडी या मर्यादेपेक्षा सहा-सात स्टॉप उजळ आहे. परीक्षणं ज्या एका स्टॉपवरून भांडतात तो तुमच्या कामात कधी आडवा येणारच नाही.

आडवं येईल ते दुसरंच. फेज डिटेक्शनला उजेडापेक्षा तपशील लागतो. पांढऱ्या खादीचा सदरा, चुन्याची भिंत, रुईचा ढीग, यांच्यावर पकडायला रेघ नाही. लेन्स पुढे-मागे होत राहते. चरख्याच्या चाकाचे आरे उलट जास्तच सारखे असतात. एकसारखी नक्षी पुन्हा पुन्हा आली की दोन प्रतिमांची जोडी लावताना कॅमेरा फसू शकतो. पेळूतून निघणारं सूत तर इतकं बारीक की बिंदूच्या चौकटीत मागची भिंतच जास्त भरते, आणि फोकस भिंतीवर बसतो. कताईचा फोटो म्हटलं की हे तिन्ही एकत्र आले. माझ्या वाचनात आलेल्या एकाही परीक्षणात पांढऱ्या कापडावरची चाचणी नाही. धावणारे खेळाडू आणि रेसच्या गाड्या भरपूर. ते यंत्र ज्या वापरासाठी तपासलं गेलं तो वापर तुमचा नाही, इतकाच याचा अर्थ.

(पांढऱ्यावरून आठवलं: मीटरही फसतो. रुईचा ढीग चौकटभर असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करायला बघतो. एक ते दीड स्टॉप वाढवा.)

मग ऑटोफोकस लागतं तरी कधी? आकडे मांडून बघा. ५० मिमी लेन्स, एफ/२, माणूस २ मीटरवर: सुस्पष्ट दिसणारी जाडी जेमतेम १९ सेंटीमीटर. कातणारी बाई थोडी पुढे झुकली की डोळे त्यातून बाहेर. इथे चांगलं ऑटोफोकस खरंच उपयोगी आहे. आता बाहेर या. जिनिंगच्या अंगणात उन्हात ३५ मिमी लेन्स, एफ/११, फोकस ३ मीटरवर कायम ठेवला तर साधारण १.७ मीटरपासून १५ मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं स्पष्ट. गाडीवरून कापूस उतरवणारा माणूस कुठेही जाऊ दे. इथे ऑटोफोकस बंद ठेवलेलं बरं. त्याच्या विचार करण्याच्या क्षणात फ्रेम निघून जाते. प्रगत यंत्र तुम्हाला निम्म्या कामासाठी हवंय, ते निम्मं कोणतं हे आराखड्यात लिहा.

डोळ्याने फोकस-बिंदू निवडायची सोय ईओएस ५ आणि ईओएस ३ मध्ये आहे. व्ह्यूफाइंडरमधले अवरक्त दिवे तुमच्या डोळ्यावर पडतात आणि तुम्ही कुठे बघताय ते कॅमेरा ओळखतो. कल्पना भन्नाट आहे. पण ती प्रत्येक डोळ्यासाठी आधी शिकवावी लागते, चष्मा असेल तर भरवसा कमी होतो, आणि ईओएस ५ मध्ये कॅमेरा उभा धरला की ती चालतच नाही. बसून कातणाऱ्या व्यक्तीचं चित्र तुम्ही किती वेळा उभं घेणार, याचा अंदाज करा. त्याउलट त्याच ईओएस ५ चा फिल्म ओढण्याचा हळू आवाज कोणी ठळक अक्षरात छापत नाही, जो कनूभाईंच्या अटींच्या हिशोबाने पहिला गुण ठरावा.

आणखी काही गोष्टी परीक्षणांत नसतात, पण वर्ध्यात असतात. एफ१०० साध्या पेन्सिल सेलवर चालतो. चार सेल, आर्वीच्या किराणा दुकानातही मिळतील. ईओएस ३ आणि ५ ला २सीआर५ नावाची लिथियम बॅटरी लागते. ती घरून दोन जास्तीच्या घेऊन निघा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. फिल्म गाडीच्या डिकीत ठेवू नका, माठाजवळच्या डब्यात ठेवा. आणि विभागाच्या कपाटात आधीच लेन्स असतील तर त्या बघा. निकॉनच्या डीएक्स लेन्सने फिल्मच्या चौकटीचे कोपरे काळे पडतील, कॅननची ईएफ-एस लेन्स तर बसणारच नाही. पण जुनी निकॉन एएफ-डी लेन्स एफ१०० आणि एफ८० दोन्हींवर फोकस करते, कारण मोटर कॅमेऱ्यात आहे.

माझा कौल विचाराल तर: विभागात निकॉनच्या लेन्स असतील तर एफ१००, पैसे कमी असतील तर एफ८० (क्रॉस बिंदू मधला एकच, पण कताईसाठी मधलाच वापरणार आहात). कॅननच्या लेन्स असतील तर ईओएस ५. ईओएस ३ वर जास्तीचे पैसे घालायला या कामात मला कारण दिसत नाही.

एका गोष्टीसाठी मात्र मी जास्त पैसे मोजेन. डिजिटल फोटोला वेळ, शटर, अ‍ॅपर्चर आपोआप चिकटलेलं असतं. फिल्मला काहीच नसतं. ईओएस-१व्ही हे सगळं फ्रेमनिहाय साठवतो, ३६ फ्रेम्सचे १०० रोल मावतील इतकं. निकॉन एफ६ मध्येही तशी नोंद होते. ही सोय संशोधकाला ४५ बिंदूंपेक्षा मोलाची. परवडत नसेल तर दोनशे पानी वही आणि दोरीला बांधलेला पेन. रोल क्रमांक, फ्रेम, वेळ, जागा, कोणाची संमती.

घेण्याआधी एक रोल चाचणीवर खर्च करा. रोल, धुणं आणि स्कॅन मिळून हजाराच्या पुढे जातं, पण चुकीच्या कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त. तीन विषय घ्या: पांढरी खादी, चरख्याचे आरे, खिडकीजवळचा चेहरा. दोन उजेड: सकाळचा आणि संध्याकाळचा. प्रत्येक जोडीला सहा फ्रेम्स, त्यांतल्या तीन लेन्स अगदी जवळ फिरवून सुरुवात केलेल्या, तीन अगदी दूर. बरोबर ३६ होतात. लेन्स उघडी एफ/२ वर, कॅमेरा तिपाईवर. व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट दिसलं म्हणून खूण करू नका. काचेवरचा फोकस आणि फिल्मवरचा फोकस वेगळा निघू शकतो, निकाल निगेटिव्हवरच वाचायचा. भिंग घेऊन ३६ फ्रेम्स बघा, 'बसला' किंवा 'हुकला' इतकंच लिहा, आणि ते कोष्टक 'साधने' या परिच्छेदाखाली जोडा.