अटलांटातील एक पाटी

जुन्या शहरांची छायाचित्रे पाहताना आपण बहुधा हळहळण्याच्या तयारीनेच बसतो. वाडे गेले, झाडी गेली, रस्ते रुंद झाले. मग चित्र कसेही असो, त्याला कारुण्य आपोआप चढते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील अटलांटा शहराची जॉर्ज बर्नार्डने १८६४ साली काढलेली चित्रे मी अलीकडे सावकाशीने पाहिली. त्यांच्यापुढे ही स्वस्त हळहळ टिकत नाही.

बर्नार्ड उत्तरेच्या फौजेबरोबर होता. सप्टेंबरच्या आरंभी शर्मनच्या सैन्याने शहर घेतले, नागरिकांना बाहेर पडण्याचा हुकूम सुटला, आणि नोव्हेंबरात रेल्वेचे भव्य स्थानक जमीनदोस्त करून, मागे आगी लावून फौज समुद्राकडे निघाली. बर्नार्डची पुष्कळ चित्रे या मधल्या दोन-अडीच महिन्यांतली आहेत. त्यांत शहर अजून उभे आहे. ‘गॉन विथ द विंड’ या १९३९ च्या बोलपटाने ती आग अशी काही भडकवून ठेवली आहे की अटलांटा म्हटले की प्रेक्षकाला ज्वाळाच दिसतात. ज्वाळांच्या आधी तिथे काय चालत होते, हे विचारायचे राहून जाते.

त्याचे उत्तर व्हाइटहॉल रस्त्यावरच्या एका चित्रात आहे. विटांची साधी इमारत. तिच्यावर ठळक अक्षरांत पाटी : लिलाव आणि निग्रोंची विक्री. शेजारीच चिनी मातीच्या व काचेच्या सामानाची पाटी. दोन्ही पाट्या सारख्याच नेटक्या. रंगाऱ्याचा हात कुठे अडखळलेला नाही. माझ्या मते या चित्राचे सारे सामर्थ्य या शेजारात आहे. चाबूक नाही, साखळदंड नाही. बशा विकाव्यात तशी माणसे विकण्याचे दुकान भर बाजारात होते, आणि गिऱ्हाइकाने चुकू नये म्हणून त्यावर पाटी लावली होती!

दाराशी उत्तरेच्या फौजेचा गणवेश घातलेला एक काळा सैनिक बसला आहे. काहीतरी वाचतो आहे. त्याला तिथे मुद्दाम बसवले असावे, म्हणून चित्राचा खरेपणा उणावतो, असा आक्षेप घेता येईल. मला तो पटत नाही. त्या काळी ओल्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. चालता माणूस पुसट होई किंवा अजिबात नाहीसा होई. स्पष्ट उमटायचे तर स्थिर बसावेच लागे. ज्या उंबऱ्यावर त्याच्यासारख्यांची किंमत ठरत होती, तिथे तो कोणी हाकलणार नाही अशा बेताने बसला आहे. बैठक ठरवून दिलेली असेल. सैन्यात तो होता हे ठरवून दिलेले नव्हे.

बर्नार्डचे सारेच मला सारखे आवडते असे नाही. १८६६ मध्ये त्याने या मोहिमेचा ६१ चित्रांचा संग्रह काढला. त्या काचेवर आकाश नुसते पांढरे येई, म्हणून त्यातील कित्येक चित्रांत त्याने दुसऱ्या काचेवरचे ढग आणून बसवले. भग्न चिमण्यांवर ते ढग दिसतात सुंदर; पण तिथे बर्नार्ड मला चित्रकारांच्या पंगतीत पाट मांडून बसू पाहणारा वाटतो. पाट्यांच्या रस्त्यात त्याला ही हौस नव्हती.

हे चित्र निघाल्यावर नवव्या वर्षी, १८७३ साली, पुण्याचे जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. जोतीरावांनी हे चित्र पाहिले होते असे मला सुचवायचे नाही. पण आपल्याकडील वाचक ती अर्पणपत्रिका आदराने वाचून पान उलटतो; तिच्यातला ‘गुलाम’ त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. त्या पानासमोर हे चित्र छापायला हरकत नाही. फक्त छापणाऱ्याने कडा कातरू नयेत. काचसामानाची पाटी राहिली पाहिजे.