पटावरचे तांदूळ

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट मला तीन मास्तरांनी तीन इयत्तांत सांगितली. राजा खूष होतो. पटाचा जनक म्हणतो, "महाराज, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरून द्या." राजा हसतो. मग प्रधान धापा टाकीत येतो की एवढे धान्य राज्यात नाही. इथे मास्तर "अबब!" म्हणत, आम्ही पोरे "अबब!" म्हणत असू, आणि घंटा होई.

गोष्ट चांगली मुरलेली आहे. अल् बिरूनीने इ. स. १००० च्या सुमारास या दाण्यांचा हिशेब केला होता. तेराव्या शतकात इब्न खल्लिकानने ती सांगितली तेव्हा पटावर गहू होते. आमचे मास्तर कोकणातले, त्यामुळे तांदूळ आले.

तरीही माझी एक तक्रार आहे. या गोष्टीत मधली घरेच नाहीत! एकदम शेवटचा आकडा तोंडावर फेकतात: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आता याचे करायचे काय? नुसता वाचायला घेतला तरी दर स्वल्पविरामाला ठेच लागते.

म्हणून परवा मीच तांदळाचा डबा काढून बसलो. ("निवडताय की मोजताय?" हा प्रश्न आतून आला, तो मी ऐकला नाही.) एका ग्रॅमला साधारण ४० दाणे भरले. पटाची पहिली ओळ संपली तेव्हा एकूण दाणे २५५, म्हणजे चहाचा एक चमचा शिगोशीग. दुसरी ओळ संपेपर्यंत दीड किलोच्या थोडे वर. तिसरीअखेर ४२० किलो, क्विंटलची चार पोती. चौथीअखेर १०७ टन, दहा टनी अकरा ट्रक.

अर्धा पट झाला आणि राजा अजून हसतोच आहे. का हसू नये? अकरा ट्रक म्हणजे राजाला काय! गोष्टीतली खरी मेख इथे आहे, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. बुडवणारी दुप्पट अर्ध्या वाटेपर्यंत अगदी परवडणारी असते.

उरलेल्या चार ओळींत मात्र हिशेब सेहेचाळीस हजार कोटी टनांवर जातो. आज जगात वर्षाला पन्नास कोटी टनांच्या वर तांदूळ होतो, म्हणजे ही जवळजवळ नऊशे वर्षांची बेगमी झाली. हे सारे महाराष्ट्रावर सारखे पसरले तर डहाणूपासून गडचिरोलीपर्यंत पुरुषभर थर होईल. 'पुरुषभर' म्हटले की विहीर पाहिलेल्या कुणालाही कळते.

आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सबंध विश्वात वाळूचे किती कण मावतील ते काढले. पण सुरुवात केली खसखशीपासून! खसखशीच्या एका दाण्याएवढ्या जागेत दहा हजार कण धरले, बोटाच्या रुंदीत असे चाळीस दाणे, आणि तिथून पायरीपायरीने तो आभाळाला भिडला. कुठल्याही पायरीवर वाचकाला "थांबा, हे पटत नाही" म्हणता येते. आमच्या मास्तरांच्या गोष्टीत थांबायला पायरीच नाही.

ही टीका नुसती वाङ्मयीन नाही हो. काही वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांनी मला एका योजनेत ओढले. आपण पाच हजार भरायचे, दोघांना आणायचे, त्या दोघांनी आणखी दोघादोघांना. मी पट मांडला नाही. मांडला असता तर दिसले असते की अठ्ठाविसाव्या घरात १३ कोटी ४२ लाख माणसे लागतात, आणि २०११ च्या जनगणनेत सगळा महाराष्ट्रच ११ कोटी २३ लाखांचा. पाळण्यातली पोरे धरूनसुद्धा माणसे संपली, आणि पट अजून अर्धाही झालेला नाही!

योजना त्याच्या कितीतरी आधीच बुडाली. तोवर मी माझे दोघे आणून दिले होते, एक मेहुणा आणि एक शेजारचे अण्णा. दोघेही माझ्याच शाळेतले. राजाची गोष्ट दोघांनाही तोंडपाठ होती.