तयार किल्ला

दिवाळीच्या सुमारास शहरांतील बाजारांत हल्लीं तयार किल्ले विकावयास मांडलेले असतात. बुरूज, तट, दरवाजे, सारें साच्यांतून काढलेलें व रंगविलेलें. पैसे द्यावे, किल्ला घरीं आणून अंगणांत ठेवावा, कीं झालें. या विक्रीवर कोणी रागवावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु या व्यवहारांत मुलाच्या वांट्यास काय उरतें, हा प्रश्न आईबापांनीं स्वतःस एकदां विचारून पाहावा.

घरच्या किल्ल्याची रीत निराळी. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, त्यावर कालविलेली माती, उतारावर पेरलेली मोहरी किंवा अळीव आणि माथ्यावर शिवाजीमहाराज. हिरवळ उगवेपर्यंत किल्ला पुरा होत नाहीं, आणि खरें पाहतां तो कधींच पुरा होत नाहीं. मावळा दरवाजाहून उंच असतो, गुहेंतला वाघ तोफेहून मोठा असतो, आणि पायथ्याच्या रस्त्यावरून खुशाल मोटार धांवते. प्रमाणाच्या दृष्टीनें हें सारें चुकीचेंच. पण जें उणें आहे तें मूल कल्पनेनें भरून काढतें, आणि हें भरून काढणें हाच खेळ होय.

येथें कोणी म्हणेल, मावळे तरी पूर्वीं विकतचेच होते ना? होते खरे, म्हणूनच दोष पैशाचा मानतां येत नाहीं. परंतु तो मातीचा मावळा आपली गोष्ट बरोबर घेऊन येत नसे. मुलाच्या इच्छेप्रमाणें तो आज पहारेकरी, तर उद्यां फितूर होई. दोष आहे तो गोष्टही तयार मिळण्याचा.

हा फेर केवळ आपल्याकडेच झाला असें नाहीं. डेन्मार्कमधील लेगो कंपनीनें एकमेकींत बसणाऱ्या आपल्या विटेच्या पेटंटासाठीं १९५८ सालीं अर्ज केला. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ रीतींनीं जुळतात. सहा घेतल्या तर हा आंकडा ९१ कोटींवर जातो. त्याच कंपनीनें १९९९ पासून ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील यानांचे संच काढले. विटा त्याच जातीच्या. पण पेटीवर चित्र, आंत क्रमवार सूचना, आणि नायक कोण व खलनायक कोण हें आधींच ठरलेलें. त्या विटांतून मूल स्वतःचें कांहीं रचूं शकतें, हें मान्य. पण त्यासाठीं त्यास प्रथम विकणाऱ्याची गोष्ट बाजूस सारावी लागते.

व्यापाऱ्यास दोष देणें सोपें आहे. तयार किल्ला आपण घेतों तो पुष्कळदां आपल्याच सोयीसाठीं: घरांत चिखल नको, शेजाऱ्यांपुढें उणेपणा नको, चार दिवसांची खटपट नको. अंगण नसेल तर गॅलरीच्या कोपऱ्यांत दोन घमेलीं माती पुरे. बुरूज ढासळेल, तट कलेल. मात्र तो पुन्हां कसा उभारावा हें सांगावयास आपण जाऊं नये.