फिरत्या तबकडीचा वारसा कोणाचा?

जुनी वस्तू पुन्हा बाजारात येते तेव्हा तिचा इतिहासही नव्याने सांगितला जातो. तो कोण सांगतो आणि सांगताना कोणाला मागे ठेवतो, हे तपासणे समीक्षेचे काम आहे, असे आम्ही मानतो. जपानच्या टेक्निक्सने २०१० साली बंद केलेले ‘एसएल-१२००’ हे टर्नटेबल २०१६ मध्ये पुन्हा आणले. त्याकडे आम्ही याच नजरेने पाहतो.

आधी यंत्र समजून घेऊ. पूर्वीच्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये मोटर बाजूला असे आणि रबरी चाक किंवा पट्टा थाळीला फिरवीत असे. चाकाची घरघर सुईपर्यंत पोहोचे, पट्टा कालांतराने सैल पडे. मात्सुशिता कंपनीचे अभियंता शुइची ओबाता यांनी हा मधला दलालच काढून टाकला आणि थाळी थेट मोटरवर बसविली. १९७० च्या ‘एसपी-१०’ मध्ये ही रचना प्रथम बाजारात आली. पाठोपाठ १९७२ मध्ये ‘एसएल-१२००’ आले, ते घरी बसून संगीत ऐकणाऱ्या रसिकांसाठी.

त्याला कीर्ती मात्र निराळ्याच लोकांनी दिली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या जमैकाहून आलेल्या तरुणाने एका पार्टीत रेकॉर्ड वाजविल्या. हिप-हॉपचा जन्म त्या रात्री झाला असे मानतात. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तालवाद्यांचा छोटा तुकडा लांबवीत नेण्याचे हुन्नर त्याने रूढ केले. पुढे तबकडी हाताने मागेपुढे घासून आवाज काढणारेही आले. अशा वादनात हाताने तबकडी अडवली तरी मोटर दबता कामा नये आणि हात उचलताच वेग पूर्ववत व्हायला हवा. पट्ट्याला हे झेपत नाही. थेट मोटरला झेपते. १९७९ च्या ‘एमके२’ मध्ये वेग आठ टक्के कमी-जास्त करणारी सरकती कळ आली आणि जगभरच्या क्लबांत हे यंत्र पक्के बसले. कारखान्याने ऐकण्याचे साधन बनविले होते. गरीब वस्तीतल्या हातांनी त्याचे वाद्य केले.

आपल्याकडची पेटी आठवावी. ती युरोपातून आली, पण कव्वालीने आणि नाट्यसंगीताने तिला आपली केली. तिचा इतिहास केवळ कारखानदारांच्या नावांनी सांगितला, तर तो कोणाला पटेल?

२०१६ चा पहिला अवतार जगभरासाठी अवघ्या १२०० नगांचा होता आणि त्याची किंमत सुमारे चार हजार डॉलर होती. त्यामागची कारागिरी खोटी नाही. जुन्या मोटरमधील लोखंडी गाभा चुंबकांकडे ओढला जाई आणि गतीत अतिसूक्ष्म हिसके येत. पट्ट्याच्या यंत्रांचे चाहते थेट मोटरला नाके मुरडत, त्याचे हे एक कारण. नव्या मोटरमध्ये तो गाभाच नाही. जुने साचेही बहुतेक उरले नव्हते, त्यामुळे सारे नव्याने घडवावे लागले. ही मेहनत आम्ही नाकारत नाही.

कोणी म्हणेल, यंत्र मुळात रसिकांसाठीच होते, ते त्यांच्याकडे परत गेले, यात गैर काय? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण अपुरा आहे. ‘१२००’ हा आकडा दंतकथा झाला तो ब्राँक्समध्ये उगवलेल्या कलेमुळे. त्या दंतकथेचे मोल वसूल करायचे आणि ती घडविणाऱ्यांच्या वारसांना परवडणार नाही अशी किंमत लावायची, हा वारशाचा एकतर्फी वाटा झाला.

२०१९ च्या ‘एमके७’ ने ही चूक बरीचशी सुधारली. गाभा नसलेली मोटर त्यातही आहे, तबकडी उलटी फिरविण्याची सोय आहे आणि किंमत पहिल्या अवताराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तीही सामान्य घरातील मुलाला जड आहेच.

अमेरिकेत २०२० मध्ये तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या पुढे गेले. १९८६ नंतर प्रथमच. बाजार परतला आहे, यात शंका नाही. परंतु काचेच्या कपाटात ठेवलेले यंत्र जिवंत झाले असे आम्ही म्हणणार नाही. ज्या यंत्रावर नवा शागीर्द बेधडक हात ठेवू शकतो, तेच खऱ्या अर्थाने परत आले.